सहा कमच्या

"तीन," मी म्हटलं.

वर्गात खसखस पिकली. सरांनी खडू टेबलावर ठेवला, दोन्ही हात झटकले आणि पहिल्या बाकाकडे बघून म्हणाले, "ऐकलं का? टोपली म्हणते, तीन."

टोपली म्हणजे मी. बी.एस्सी.चं ते पहिलं वर्ष, आणि पहिल्याच तासाला सरांनी एकेकाला उभं करून बापाचा धंदा विचारला होता. कुणी म्हणालं शेती, कुणी मास्तर, कुणी तहसीलमध्ये. मी म्हटलं, आम्ही बुरड, बाबा सूप-टोपल्या विणतात. तेव्हापासून मी टोपली. सगळ्या वर्गात बापाच्या धंद्यावरून नाव पडलं ते माझ्या एकटीचं. तहसीलवाल्याच्या पोराला कुणी शिक्का म्हटलं नाही.

"हे बघ," सर म्हणाले, "बांबू फोडायला हात लागतात. ते काम तुझ्या घरी होतं, चांगलं होतं. माझ्या घरी तुमच्याच लोकांचं सूप आहे. पण इथं डोकं लागतं. आणि डोकं घरातूनच यावं लागतं."

एक शब्दही इकडचा तिकडे न करता लिहिलंय. इतकी वर्षं झाली, विसरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पोरं हसली. पहिल्या बाकावरचा विलास तर बाक बडवून हसला. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझं उत्तर चुकलं होतं. तीन हे चूकच. मी काही आईच्या पोटातून शहाणी होऊन आले नव्हते. चुकलं तर चूक म्हणा, शून्य द्या, वही फेका अंगावर. पण माझ्या चुकीत माझं घर कुठून आलं? एवढंच मला तेव्हा विचारायचं होतं.

आता हे सगळं काऊन उकरून काढलं, तर तोच विलास. परवा त्याचा फोन आला. त्याचं आता मेडिकलचं दुकान आहे. म्हणाला, "आपले सर रिटायर होऊन राह्यले. सत्कार ठेवला आहे, गौरव अंक काढतो आहोत. तू बी एक आठवण लिहून पाठव. एक पान पुरे. गोड लिही." मी म्हटलं, लिहिते. गोड जमणार नाही, आणि एका पानात तर मुळीच बसणार नाही.

कॉलेजचं नाव घेत नाही, सरांचंही नाही. आरमोरीहून एसटीनं जावं लागायचं इतकं सांगितलं तरी पुष्कळ झालं. नव्वदनंतरची वर्षं. आमचं गाव आरमोरीपासून जवळ, धानाच्या बांध्यांमधलं. बाबा आठवडी बाजारात सुपं, टोपल्या, पोळ्यांच्या दुरड्या घेऊन बसायचे, मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ. हात चालतच असायचा. बसल्या बसल्या कमच्या सोलायच्या. कमची म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली पातळ पट्टी, आमचं सगळं घर त्या पट्टीवर उभं होतं.

त्या दिवशी फळ्यावर आठ कार्बनांची एक साखळी होती. केमिस्ट्री नको वाटणाऱ्यांनीही एवढं वाचा, अवघड नाही. दोन कार्बनांमध्ये साधा बाँड असला तर तो फिरतो. डबल बाँड फिरत नाही, खिळा ठोकल्यासारखा बसतो. म्हणून त्याच्या दोन बाजूंचे तुकडे एकाच अंगाला आले तर ते एक संयुग, त्याला सिस म्हणायचं. एक वरच्या अंगाला, एक खालच्या, असं झालं तर ते दुसरं संयुग, ट्रान्स. अणू तेच, तेवढेच. नुसती बसायची तऱ्हा बदलली की गुण बदलतात. यांना भौमितिक समघटक म्हणतात. सरांच्या साखळीत असे डबल बाँड तीन होते, आणि साखळीची दोन्ही टोकं अगदी सारखी. प्रश्न असा, की हिचे समघटक किती होतील?

सरांचा हिशेब सरळ. एका डबल बाँडला दोन तऱ्हा. तीन असले तर दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठ. बाजारातल्या गाईडमध्येही आठच छापलेले होते.

मी तीन काऊन म्हटलं? कारण मी ते ताटीसारखं मोजलं. आम्ही कुडाच्या भिंतीला ताटी विणतो, तेव्हा कमची एकदा वरून जाते, एकदा खालून. मी सिसला वरून धरलं, ट्रान्सला खालून धरलं. वर-वर-खाली अशी कमची दुसऱ्या टोकाकडून बघितली तर खाली-वर-वर दिसते. दोन्ही एकच. इथपर्यंत बरोबर. पण ताटी पालथी केली की वरची कमची खाली जाते आणि खालची वर येते, ताटी मात्र तीच राहते. लहानपणापासून हे हातात बसलेलं. म्हणून मी वर-वर-वर आणि खाली-खाली-खाली हेही एकच धरून टाकलं. असं सगळं एकत्र केलं की तीनच उरतात. बुरडाच्याच पोरीला सुचावी अशी चूक होती ती. दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

सरांनी विचारलं असतं, कसं मोजलं गं, तर मी सांगितलं असतं. आणि सांगता सांगता मलाच कळलं असतं, की रेणू म्हणजे ताटी नाही, पालथा घातला म्हणून सिसचा ट्रान्स होत नाही. विचारलंच नाही ना बापा! वर शिक्षा दिली. फळ्यावर ये, आठही नावं लिही, आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाच.

मी लिहिली. सिस-सिस-सिस. सिस-सिस-ट्रान्स. पोरं माझ्या मागे कोरसमध्ये म्हणत होती, सर हसत होते. सातव्या नावाला माझा हात थांबला. ट्रान्स-सिस-सिस. हे तर मी वर लिहून आले होते, उलट्या बाजूनं. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "काय झालं? खडू जड झाला?" मी पुढे लिहिलं. पण जागेवर येऊन बसले तेव्हा रडू आलं नाही. डोक्यात ते सातवं नाव घोळत होतं.

आता वाटेल, जाऊन मॉडेल जोडून बघायचं होतं. लॅबमध्ये मॉडेलची पेटी होती. लाकडी रंगीत गोळे, मध्ये दांड्या. कपाटात कुलपात. किल्ली सरांजवळ. पहिल्या बाकावरच्यांना मिळायची. मी एकदा मागितली होती, तर म्हणाले, "तुझ्या हाताला लागलीच तर टोपली करून ठेवशील." सगळे हसले, मीही हसले होते. ते माझं हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पेटी नाही तर नाही. रविवारी मी चुलीजवळ बसले. ओला बांबू चिरून आठ कमच्या काढल्या, सारख्या लांबीच्या, सारख्या रुंदीच्या. ओली कमची निखाऱ्यावर शेकली की वाकते, आणि लगेच पाण्यात बुडवली की वाकलेली राहते. हे काम मला डोळे मिटून येतं. जिथं डबल बाँड, तिथं लाल सुताचा वेढा दिला. सिस असेल तिथं कमची एकाच अंगाला वळवली, ट्रान्स असेल तिथं नागमोडी पुढे नेली. फळ्यावरच्या आठ नावांच्या आठ कमच्या. अंगणात ओळीनं मांडल्या.

बाबा बाजारातून आले. हातपाय धुऊन तिथंच उकिडवे बसले.

"हे काय करून राह्यली व? खेळणं?"

"अभ्यास आहे बाबा. आठ तऱ्हा आहेत. सगळ्या येगळ्या."

बाबांनी एक उचलली. फिरवली. दुसरीवर ठेवली. परत उचलून तिसरीवर. मी बघत होते. त्यांची बोटं अशी चालत होती, जशी गिऱ्हाईकानं परत केलेल्या सुपाची खोट शोधताना चालतात. शेवटी त्यांनी दोन कमच्या बाजूला काढल्या आणि माझ्यावर खेकसले.

"आठ कुठी आहेत व? सहा आहेत! ह्या दोन तं तू दोनदा केल्या. हे पाह्य, फिरवली का ते ह्याच्यावरच बसते. बांबू काऊन नासवला? फॉरेस्टच्या डेपोतून आणता आणता पायाचे तुकडे पडते माह्ये."

मी त्या दोन कमच्या हातात घेतल्या. सिस-सिस-ट्रान्स, टोकाकडून फिरवली की ट्रान्स-सिस-सिसवर अशी बसली, की खालची दिसेना. दुसरी जोडीही तशीच. बाकीच्या चार मात्र कुणावर बसत नव्हत्या, कितीही पालथ्या घाला. तिन्ही जागी नागमोडी गेलेली कमची तिन्ही जागी वळवलेल्या कमचीवर काही केल्या बसत नव्हती. माझे तीन तिथंच मेले. आणि सरांचे आठही.

सहा. मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुमी पास झाले." त्यांना काही समजलं नाही. "बांबू नासवला तं नासवला, वरून हासून राह्यली," म्हणाले आणि माय वाढते का ते बघायला आत गेले.

सोमवारी मी कमच्या पिशवीत घालून नेल्या. मला खरंच वाटलं होतं, सरांना आनंद होईल. हे वाचून हसा पाहिजे तर. मला वाटलं, शिक्षक आहे, नवीन काही दिसलं तर डोळे चमकतील. तास सुरू व्हायच्या आधी टेबलापाशी गेले. म्हटलं, "सर, माझं तीन चुकलं होतं. पण आठपण होत नाहीत. सहा होतात." आणि कमच्या टेबलावर मांडून, फिरवून, एकावर एक ठेवून दाखवल्या.

सरांनी बघितलं. नीट बघितलं. त्यांना कळलं, त्याच वेळी कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, डोळे दोनदा त्या जोडीवर गेले आणि परत आले. मग त्यांनी मान वर केली, तर सगळा वर्ग गप होऊन ऐकत होता.

"परवा तीन, आज सहा," सर म्हणाले. "उद्या बाजाराच्या दिवशी किती? या काड्या उचल. हे काय सुपाचं दुकान आहे?"

"सर, पण ही एकच—"

"उचल म्हटलं ना. आणि शिक्षकाला वर्गात शिकवायची हौस असेल तर आधी शिक्षकाच्या घरी जन्म घे."

मी उचलल्या. तेवढं बोलून संपलं असतं तर कदाचित मीही गप बसले असते. संपलं नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सर सही करायचे. सही झाली तर परीक्षेला बसता येतं, नाही तर वर्ष गेलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझं जर्नल टेबलाच्या खालच्या खणात राहिलं. तीनदा मागायला गेले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "शेवटच्या पानावर लिहून दे. माझं उत्तर चूक होतं, सरांचं बरोबर आहे, उत्तर आठ. वर्गात केलेल्या उद्धटपणाबद्दल क्षमस्व. खाली सही. आणि बापाला घेऊन ये, त्याच्यासमोर लिही."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी फक्त विचारलं, "कधी जाचं आहे?" दोन दिवस त्यांनी बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि एक सूप विणलं. शिक्षकाच्या दारी बुरडानं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आजोबा माझ्या बाबांना शाळेत घालायला गेले होते तेव्हाही सूप घेऊन गेले होते. शाळा दुसरीत सुटली, रीत राहिली. असं सूप मी आधी बघितलं नव्हतं. काठाला हिरव्या सालीची वेलबुट्टी, पाठ अशी घट्ट की पाणी थांबावं.

सरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर सर, एक रिकामी. बाबांनी चपला बाहेर काढल्या, धुतलेलं धोतर सारखं केलं आणि सूप दोन्ही हातांनी पुढे केलं. सर कागदावरून मान न उचलता म्हणाले, "तिथं ठेवा, दाराशी."

दाराशी चपला होत्या. आमच्याकडे सुपाला पाय लागू देत नाहीत, त्यात धान येतं, ओटी भरते. बाबांनी ते चपलांपासून जितकं दूर सरकवता येईल तितकं भिंतीला लावून ठेवलं. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी एकदा बघितलं. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. ते उभे राहिले.

"तुमची मुलगी हाताबाहेर गेली आहे," सर म्हणाले. "मी आठ म्हणतो, पुस्तक आठ म्हणतं, ही सहा म्हणते. काड्या आणून वर्गात तमाशा करते. आण गं त्या काड्या, दाखव बापाला."

माझ्या पिशवीत होत्या. मी टेबलावर ओळीनं मांडल्या. आठ.

"सांगा," सर बाबांना म्हणाले. "तुम्ही तर यातलेच. किती आहेत?"

बाबांनी कमच्यांकडे बघितलं. दुसरी आणि सातवी. त्यांचा हात थोडा उचलला गेला, मी बघितलं, बोटं त्या दोघींकडे निघाली होती. मग हात परत खाली आला आणि दोन्ही हात जुळले.

"तुमी म्हंता तं आठ, सर."

माझा बाप दुसरी शिकलेला. पण उभ्या आयुष्यात त्यानं एका कमचीला दोन म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईकानं शिव्या दिल्या तरी नाही, फॉरेस्टच्या माणसानं दम दिला तरी नाही. अंगणात बसून त्यानंच तर मला सहा मोजून दाखवले होते. आणि आज माझ्या वर्षासाठी, माझ्या त्या एका सहीसाठी, त्यानं हात जोडून आठ म्हटलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिहून दे बाई. साल जाईन तुह्यं."

मला कुणी टोपली म्हटलं तेव्हा लाज वाटली होती. त्या क्षणी लाज वाटली नाही. संताप आला. असा संताप, की डोकं एकदम लख्ख झालं. तोपर्यंत मला वाटायचं, सरांना माहीत नाही म्हणून ते असं वागतात, नीट समजावलं की समजेल. त्या दिवशी कळलं, त्यांना सगळं माहीत आहे. त्यांना उत्तर नको होतं. त्यांना माझ्या बापाच्या तोंडून आठ पाहिजे होतं.

सरांनी जर्नलचं शेवटचं पान उघडलं, त्यावर पेन ठेवलं. मी पेन घेतलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, उत्तर सहा. खाली सही केली, पूर्ण नावाची. पेनाला टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"वर्ष जाईल," सर म्हणाले.

"जाऊ द्या," मी म्हटलं.

मला भीती होती ती बाबांची. वाटलं, इथंच पाया पडतील, माझ्यासाठी माफी मागतील. ते दारापर्यंत गेले, वाकले, भिंतीला टेकवलेलं सूप उचललं, त्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि काखेत मारून बाहेर निघाले. मागून सरांचा आवाज आला, "अहो, ते सूप?" बाबा थांबले नाहीत. कमच्या टेबलावरच राहिल्या. शिपायानं त्या नंतर केरात टाकल्या असतील.

एसटीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "सहाच आहेत. मले मालूम होतं." मी म्हटलं, मलाही मालूम होतं बाबा. ते म्हणाले, "मी खोटं बोललो व," आणि तोंडावरून गमछा फिरवला. माझ्या बापाला त्यानंतर मी कधी कुणापुढे हात जोडताना बघितलं नाही. पण त्या एका दिवसाचं काय? ते कोण परत देणार आहे?

वर्ष गेलं. गावात लोक म्हणाले, नापास झाली, लग्न करून टाका. मायलाही क्षणभर तसंच वाटलं. कॉलेज उघडेपर्यंत मी बाबांसोबत सुपं विणली आणि बाजारात बसले, आणि जूनला परत त्याच वर्गात जाऊन बसले. बरोबरचे पुढे गेलेले, विलास दुसऱ्या वर्षाला. नवीन पोरं मला ताई म्हणायची.

आणि मग तो तास आला. तोच फळा, तीच आठ कार्बनांची साखळी, तीन डबल बाँड. मी वही उघडून बसले होते.

"आता इथं मुलं हमखास चुकतात," सर म्हणाले. "घाईघाईनं आठ म्हणून मोकळी होतात. नीट बघा. टोकं सारखी आहेत. मग ही आणि ही, उलटून बघितली तर एकच. म्हणून उत्तर सहा. गाईडवर विसंबू नका, स्वतःचं डोकं वापरा."

शब्द न् शब्द. उलटून बघितली तर एकच. नजर माझ्या बाकावरून अशी गेली, जणू तिथं कुणी बसलेलंच नाही. माझं एक वर्ष, माझ्या बापाचे जोडलेले हात, आणि हा माणूस म्हणतो, स्वतःचं डोकं वापरा! चोर तरी चोरलेली वस्तू त्याच घरात आणून मिरवत नाही.

मी उभी राहिले.

"सर, मागच्या वर्षी हे आठ होतं."

वर्ग वळून बघायला लागला. सरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. ते वळले नाहीत.

"खाली बस, टोपली."

"माझं नाव हजेरीत आहे सर. तेच घ्या. मग बसते."

कुणी हसलं नाही. नवीन पोरांना अजून हसायची सवय लागायची होती. सर म्हणाले, "मग उभीच राहा." मी म्हटलं, "हो." तास संपेपर्यंत उभी राहिले. पाय दुखले. वही हातात धरून उभ्या उभ्या लिहिलं.

दुसऱ्या तासाला आत आले आणि बसलेच नाही. तिसऱ्यालाही नाही. सरांनी आधी थट्टा केली, मग दुर्लक्ष केलं, मग प्राचार्यांकडे पाठवलं. प्राचार्यांनी विचारलं, तुझी तक्रार काय? म्हटलं, तक्रार नाही, सर नावानं बोलावतील तेव्हा बसेन. ते हसले आणि म्हणाले, एवढंसं तर आहे. मी म्हटलं, एवढंसंच आहे, मग घ्या म्हणावं. त्या वर्गात भामरागडकडची एक माडिया पोरगी होती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की महिना महिना अडकायची, म्हणून सर तिला "भामरागड" म्हणूनच हाक मारायचे. तिसऱ्या आठवड्यात सरांनी तिला हाक मारली आणि ती उत्तर न देता उठली. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वर्षभर आम्ही दोघी त्यांच्या तासाला उभ्या होतो. प्रॅक्टिकल त्या वर्षी दुसऱ्या मॅडमकडे गेलं, म्हणून जर्नलवर सही झाली. सरांनी मात्र नाव घेतलं नाही. ना माझं, ना तिचं.

आता मी भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात कुणालाही टोपणनाव नाही. पोरं चुकली तर मी विचारते, कसं मोजलं बापा, सांग मला. काहींच्या चुका अशा असतात की त्या फक्त त्यांच्याच घरातून येऊ शकतात, आणि त्या ऐकताना मला माझे तीन आठवतात. यात काही मोठेपणा नाही. जे मला मिळायला पाहिजे होतं आणि मिळालं नाही, ते देते आहे, एवढंच. त्यानं माझं काही भरून निघालं असं कुणी समजू नये. निघालेलं नाही. बाबा आता नाहीत. वेलबुट्टीचं ते सूप त्यांनी कधी विकलं नाही, घरी वापरायलाही काढलं नाही. ते माझ्याकडे आहे, भिंतीला टांगलेलं.

तर विलास, ही माझी आठवण. पाऊस सुरू झाला की इथून टपाल निघत नाही, म्हणून आधीच पाठवते आहे. छाप नाही तर चुलीत घाल. छापलंस तर एक अक्षर कापायचं नाही. तू बाक बडवून हसला होतास, तेही ठेव.

खाली नाव कुणाचं टाकू, असं विचारशील. कुणाचंच टाकू नको. सत्काराच्या दिवशी, हार घालून झाले, शाल अंगावर आली, की हे मोठ्यानं वाच. आणि मग सरांच्या हातात माइक देऊन विचार, ही कोण? टोपली नाही चालणार. पूर्ण नाव पाहिजे, मध्ये माझ्या बापाच्या नावासकट. दोन वर्षं हजेरीत होतं, त्यांच्याच अक्षरात.

त्यांनी सांगितलं तर मी येईन आणि समोरच्या खुर्चीत बसेन. नाही सांगितलं, तर त्यांना सांग, ती अजून उभी आहे.